पटावरून उठताना

दर पाडव्याला आम्ही चार मित्र सारीपाट मांडतो. सहा वर्षांपूर्वी माझा फासा पटाच्या कडेला पडला. मी 'पौबारा' म्हणून ओरडलो; मित्र म्हणाला, 'बाहेर गेला, परत टाक.' शब्दाने शब्द वाढला आणि मी उठलो. पुढची दोन वर्षे गेलो नाही. जुन्या ग्रंथांत सारीपाट शोधायला लागलो तो त्या रिकाम्या पाडव्यांना.

कार्तिक शुद्ध प्रतिपदेचे एक नाव द्यूतप्रतिपदा. या दिवशी सकाळी द्यूत खेळावे, जिंकणाऱ्याचे वर्ष सुखात जाते, असे धर्मशास्त्रकार सांगतात; कारण याच दिवशी पार्वतीने शंकराला हरवले. वेरूळच्या १४, २१ आणि २९ क्रमांकांच्या लेण्यांत हा खेळ कोरलेला आहे. २९व्या, म्हणजे धुमार लेण्यात पार्वती फासा टाकायच्या बेतात आहे आणि शिवाने तिचा हात धरला आहे. खाली नंदी आणि गण. त्या धरलेल्या हातापाशी मी बराच वेळ उभा होतो. देव चक्क रडी खेळतो आहे, आणि शिल्पकाराला त्यात लपवण्यासारखे काही वाटलेले नाही.

स्कंदपुराणाच्या केदारखंडात हीच गंमत चिघळते. जिंकले कोण यावरच वाद होतो. भृंगी शिवाची बाजू घेतो, तशी पार्वती संतापते आणि शिवाच्या अंगावरचे सारे, अगदी कौपीनसुद्धा, काढून घेते. शिव वनात निघून जातो. शेवटी तिलाच शबरीचे रूप घेऊन त्याला परत आणावे लागते. आपल्या जेजुरीच्या लोककथेतला खंडोबाही म्हाळसेशी सारीपाटात हरतो आणि बारा वर्षे घराबाहेर राहतो. (बाणाईकडे जायला त्याला निमित्तच हवे होते, ही गोष्ट वेगळी!)

दोन्हीकडे हरण्यापेक्षा उठून जाणेच महागात पडते. अकबराने हे नेमके ओळखले असावे. 'आईन-इ-अकबरी'त अबुल फज्ल लिहितो, की दरबारी चौपटाला कधी दोनशेहून अधिक माणसे बसत. सोळा डाव पुरे झाल्याशिवाय कोणी घरी जायचे नाही. काही वेळा यात तीन महिने जात. चुळबुळ करील त्याला मद्याचा प्याला प्यावा लागे. दिसायला हा खेळ, पण बादशहा त्यातून माणसांची पारख करतो आणि त्यांना स्नेह शिकवतो, असे तो म्हणतो. पारखीचे पटते. स्नेहाचे मात्र मला अवघड वाटते. ज्याला उठायची मुभाच नाही, त्याचे बसणे स्नेहाचे की धाकाचे, हे कसे कळावे?

मला मुभा होती, म्हणून तर मी उठलो. तिसऱ्या वर्षी मित्राचा फोन आला. 'पट मांडलाय,' एवढेच म्हणाला. मी गेलो. फासा बाहेरच गेला होता, हे मी अजून कबूल केलेले नाही.