हजाराची गल्ली

आधी शिंक येईल. आवरू नका. सिन्नरच्या या गल्लीत पाहुणा शिंकेवरूनच ओळखू येतो. डोक्यावर चैत्राचं ऊन, हवेत विडीच्या तंबाखूची पूड, आणि तुम्ही साठेक वर्षं मागं येऊन एका मातीच्या घराच्या ओट्याशी उभे आहात. गावात दुसरं कुणी शिंकत नाही. पाळण्यातलं पोरसुद्धा तो वास घेत गाढ झोपलंय.

ओट्यावर चार बायका बसल्यात, प्रत्येकीच्या मांडीवर सूप. "बस, टेक हितं," थोरली म्हणते आणि ओल्या गोणपाटातून टेंभुर्णीचं पान काढून तुमच्या हातात देते. रात्रभर मुरलेलं, गार. पान आलंय चंद्रपूर-गोंदियाकडच्या जंगलांतून, तंबाखू निपाणीकडून किंवा गुजरातेतून. मग सिन्नरचं यात काय? बोटं.

पत्र्याचा तुकडा पानावर ठेवायचा आणि कडेनं कात्री फिरवायची. कच्, कच्. गल्लीभर हाच आवाज. मग चिमूटभर तंबाखू, बोटांत गुंडाळी, नखानं तोंड मिटवायचं, सुताचे वेढे. थोरली हे सगळं तुमच्याकडं बघत, सुनेला चुलीवरच्या कालवणाबद्दल बजावत करते. तुमच्या विडीचं पोट फुगलंय आणि शेपटाकडून तंबाखू गळतोय.

"ही छाट व्हईल," धाकटी म्हणते, आणि सगळ्या हसतात.

घामानं तुमचा सदरा पाठीला चिकटलाय. जरा वारा सुटावा असं मनात येतं न येतं, तोच खरंच झुळूक येते आणि चौघींचे पदर एकदम सुपावर पडतात. तंबाखू उडाला तर भरपाई कुणी करायची? इतक्या उकाड्यात वारा नको म्हणणारी माणसं तुम्ही दुसरीकडं क्वचितच पाहाल.

इथं दिवस घड्याळावर चालत नाही, हजार विड्यांवर चालतो. "किती झालं?" "पाऊण हजार." पाऊस या तालुक्याला हुलकावणी देतो, शेतानं दगा दिला की तेल-मीठ सुपातून येतं. भैरवनाथाची यात्रा जवळ आली की हजारावर आणखी शे-दोनशे चढतात, पोरांना नवे कपडे घ्यायचे असतात. मुलगी बघायला आलेले पाहुणेही स्वयंपाकाआधी विचारतात, विड्या वळते ना?

ऊन उतरलं की 25-25 च्या जुड्या टोपलीत भरून कारखान्याकडं निघायचं. तुम्हीही चला, टोपली धरा. दारात ही गर्दी! भट्टीत शेकणाऱ्या विड्यांची ऊब आणि खरपूस दर्प अंगावर येतो. तपासनीस जुडी उचलतो, दाबतो, नाकाशी नेतो. ओट्यावर तोंडाचा पट्टा चालवणारी थोरली इथं गप्प आहे. त्यानं बाजूला फेकलेल्या विड्या म्हणजे छाट. त्यांची मजुरी नाही. तुमची फुगीर विडी पहिल्याच झटक्यात गेली. थोरलीच्या हिशेबातून गेली, हे लक्षात ठेवा.

एवढ्या विड्या देशभर जातात आणि बंडलावर नाव असतं कारखानदाराचं, वळणारीचं नाही. 1966 च्या कायद्यानं घरी बसून वळणारीलाही कामगार मानलं, छाटीलाही मर्यादा आली. मला विचाराल तर या गावाची खरी नोंद तिथून सुरू होते.

आता परत या. माळेगाव-मुसळगावच्या औद्योगिक वसाहतींनी सिन्नरची ओळख बदलली आहे, आणि बाहेरचे लोक येतात ते बहुतेक गोंदेश्वर पाहायला. तुम्हीही पाहा, काळ्या पाषाणातलं ते यादवकालीन देऊळ पाहण्यासारखंच आहे. पण परतताना जुन्या गावात एखाद्या ओट्यावर आजी दिसली, तर तिला तिचा हजाराचा हिशेब विचारा. ती सांगेल, आणि तो अजून कुणी नीट लिहून घेतलेला नसेल, तर तुम्ही घ्या.