ड्वार्फ सिक्लिड : छोट्या घरगुती टाकीसाठी निवड

ड्वार्फ सिक्लिड : सिक्लिड कुळातील, पूर्ण वाढ झाल्यावरही साधारणपणे १० सेंमी.च्या आत राहणाऱ्या शोभिवंत माशांचे व्यवहारातील नाव. हा शास्त्रीय गट नव्हे. दक्षिण अमेरिकेतील राम आणि एपिस्टोग्रामा, पश्चिम आफ्रिकेतील क्रिबेन्सिस, टांगानिका सरोवरातील शंखात राहणारे मासे आणि भारतातला नारिंगी क्रोमाइड अशा दूरदूरच्या जाती केवळ आकारामुळे या नावाखाली एकत्र येतात. बैठकीच्या खोलीत मावणाऱ्या दोन फुटी टाकीत सुखाने राहू शकणारे सिक्लिड जवळपास एवढेच. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत यांतला कोणता मासा पाळावा, हे रंगावरून ठरवण्यापेक्षा घरी येणाऱ्या पाण्यावरून ठरवणे शहाणपणाचे असते.

कुळ व स्वभाव : सिक्लिड मासे मध्य व दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, भारत आणि श्रीलंका येथे नैसर्गिकरीत्या आढळतात. बहुतेक माशांना डोक्याच्या प्रत्येक बाजूला नाकाची दोन छिद्रे असतात. सिक्लिडला एकच असते. कोकणच्या खाड्यांत मिळणारा आणि खवय्यांच्या आवडीचा कालुंदर हा याच कुळातला. त्याचा छोटा भाऊबंद नारिंगी क्रोमाइड सुमारे ८ सेंमी. वाढतो. कालुंदराच्या अंगावरचे परजीवी आणि खराब झालेला भाग हा छोटा मासा टिपून खातो, असे निरीक्षण वायमन आणि वॉर्ड यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केले.

या कुळाची खरी ओळख म्हणजे अंडी-पिल्लांची राखण. जोडी किंवा एकटी मादी जागा निवडते, ती साफ करते, अंडी घालते आणि पिल्ले पोहायला लागल्यावरही त्यांच्या मागेपुढे फिरते. या काळात पाच सेंमी.ची मादी तिच्या तिप्पट माशाला हुसकावून लावते. टाकीत कोण कोणाबरोबर नांदेल, हा प्रश्न मुळात या राखणीतून येतो. मासा उगाच भांडखोर नसतो.

दुकानात 'सिक्लिड' म्हणून मागितले तर बहुधा मलावी सरोवरातले पिवळे-निळे मासे, ऑस्कर, पॅरट किंवा फ्लॉवरहॉर्न पुढे येतात. तीन-चार सेंमी.च्या पिल्लाकडे पाहून ते किती वाढेल याचा अंदाज येत नाही. ऑस्कर फूटभर वाढतो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कॉन्व्हिक्ट आकाराने लहान असला तरी पिल्ले असताना दोन फुटी टाकी एकटाच ताब्यात घेतो, म्हणून त्याची गणना येथे करत नाहीत.

पाणी : सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर-जावळीत पाऊस कोसळतो आणि पूर्वेला माण-खटाव कोरडे राहतात. सांगलीतही शिराळ्याचा ओला पट्टा आणि जत, आटपाडी, कवठे महांकाळचा दुष्काळी भाग यांत तेवढाच फरक आहे. सातारा शहराच्या काही भागाला कास तलावाचे पाणी मिळते. जांभ्या दगडाच्या पठारावर साठलेले हे पावसाचे पाणी असल्यामुळे त्यात क्षार कमी असतात. सांगली शहर कृष्णेचे पाणी पिते. पूर्वेकडच्या गावांत मात्र विहीर, बोअर आणि टँकर यांवर भिस्त असते. बसाल्टच्या भेगांत मुरलेले हे पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन वर येते आणि बहुधा दुष्फेन असते.

घरच्या पाण्याची जात ओळखायला प्रयोगशाळाच लागते असे नाही. बादलीत टाकायच्या हीटरच्या कांडीवर पांढरा थर चढत असेल, साबणाला फेस येत नसेल, तर पाणी जड आहे. नेमका आकडा हवा असेल तर कठीणपणा मोजणारे थेंबांचे किट वापरावे. पाण्याच्या शुद्धीकरण यंत्राबरोबर मिळणारा टीडीएस मीटर सर्व विरघळलेले क्षार एकत्र मोजतो; त्यांत कॅल्शियम किती, हे तो सांगत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा स्वीकार्य कठीणपणा लिटरला २०० मिग्रॅ. आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिग्रॅ.पर्यंत चालतो. माणसाला हे सगळे पाणी चालते. राम माशाची अंडी मात्र १०० मिग्रॅ.च्या खालच्या पाण्यात चांगली फुटतात.

जड पाणी हलके करण्याचा सोपा उपाय म्हणजे आरओ यंत्राचे पाणी मिसळणे. बोअरचे पाणी ४०० मिग्रॅ. आणि आरओचे २० मिग्रॅ. असेल, तर निम्मे-निम्मे मिसळल्यावर सुमारे २१० मिग्रॅ. मिळते. नुसत्या आरओच्या पाण्यावर टाकी चालवू नये. त्यात सामू सावरून धरणारे क्षारच नसल्यामुळे तो अचानक घसरतो. यंत्राच्या दुसऱ्या नळीतून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी मूळ पाण्याहून जड असते. काटकसर म्हणून ते टाकीत ओतले की केलेली मेहनत वाया जाते.

नगरपालिकेच्या पाण्यातील क्लोरीन उघड्या बादलीत दिवसभर ठेवल्यास बहुतांश उडून जातो, किंवा दुकानात हायपो म्हणून मिळणाऱ्या खड्यांनी लगेच जातो. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की तुरटी आणि क्लोरीन दोन्हींचे प्रमाण वाढते. तेव्हा एका वेळी टाकीतले थोडेच पाणी बदलावे.

निवडण्याजोग्या जाती : निळा राम व्हेनेझुएला आणि कोलंबियातील ओरिनोको नदीच्या गवताळ प्रदेशातला. मायर्स आणि हॅरी यांनी १९४८ मध्ये त्याचे वर्णन केले आणि मासे गोळा करणारे मॅन्युएल रामिरेझ यांचे नाव त्याला दिले. लांबी पाच-सहा सेंमी., पाणी २७ ते ३० अंश सेल्सियस, हलके आणि किंचित आम्लधर्मी. दुकानातला 'इलेक्ट्रिक ब्लू' हा त्याचाच पैदाशीतून काढलेला रंगप्रकार. मादीचे पोट गुलाबी दिसते. नव्या टाकीत राम हमखास मरतो, म्हणून कासच्या पाण्यावर चालणाऱ्या, मुरलेल्या टाकीसाठीच तो घ्यावा.

बोलिव्हियन राम (हेझमन, १९११) दिसायला साधा, पण काटक. सात-आठ सेंमी. वाढतो, २३ ते २७ अंशांत खूश असतो आणि मध्यम जड पाणी सोसतो. कृष्णेच्या नळपाण्यावर पहिलाच सिक्लिड पाळणाऱ्यासाठी याहून योग्य मासा नाही.

एपिस्टोग्रामाच्या नव्वदहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांपैकी काकाटुइडीस ही तुऱ्याची जात (होडेमन, १९५१) पाण्याबाबत सर्वांत समजूतदार. नर आठ सेंमी.पर्यंत, मादी पाचच्या आसपास. एका नराच्या हद्दीत दोन-तीन माद्या आपापली बिळे धरून राहतात. एरवी करड्या रंगाची मादी अंडी घातल्यावर गडद पिवळी होते आणि तिच्या अंगावरचे काळे ठिपके ठळक उठतात. त्या दिवसापासून तिच्या बिळाजवळ नरालाही थारा नसतो. दोन फुटी टाकीत म्हणूनच एक नर-एक मादी, किंवा चांगली आडोशाची सोय असल्यास एक नर-दोन माद्या इतकेच ठेवावेत. बोरेली ही जात २० ते २५ अंशांच्या थंडाव्यात रमते. वाई-महाबळेश्वर भागात ती शोभते, सांगलीच्या उन्हाळ्यात नाही.

क्रिबेन्सिस (बूलेंजर, १९०१) नायजेरिया-कॅमेरूनच्या नद्यांतला. मादी नरापेक्षा लहान, पण विणीच्या वेळी तिचे पोट चेरीसारखे लाल होते. हा मासा आम्लधर्मी ते किंचित अल्कधर्मी, हलक्या ते मध्यम जड पाण्यात तग धरतो. जोडी जमली की मात्र टाकीचा तळ तिचाच.

खूप जड पाण्याला उत्तर शंखवासी माशांत आहे. टांगानिका सरोवरातल्या मल्टिफॅसिएटस (बूलेंजर, १९०६) या जातीचा नर चार-साडेचार सेंमी. आणि मादी त्याहून लहान. जगातील सर्वांत छोट्या सिक्लिडमध्ये याची गणना होते. त्याला ८ ते ९ सामूचे कठीण पाणीच लागते. प्रत्येक मासा गोगलगाईचा रिकामा शंख घर म्हणून धरतो, वाळू तोंडाने उपसून शंखाभोवती खड्डा करतो आणि संकट दिसले की आत शिरतो. भातखाचरातल्या मोठ्या गोगलगाईचे रिकामे शंख उकळून वापरले तरी त्याला चालतात. सांगलीच्या पूर्वेच्या बोअरवर, पाणी हलके न करता ज्याची वसाहत फुलू शकते असा हा मासा. मिळायला अवघड, मागवून घ्यावा लागतो.

टाकीची मांडणी : दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावते, दगड-वाळू वजा जाता सुमारे ४५. सिक्लिड तळाशी हद्द आखतात, म्हणून उंच टाकीपेक्षा पसरट टाकी बरी. वाळू बारीक हवी, कारण एपिस्टोग्रामा ती तोंडात घेऊन चाळतात. नारळाच्या अर्ध्या करवंटीला कडेला नखाएवढी खाच पाडून ती पालथी घातली की मादीला बीळ मिळते. फुटक्या कुंडीचा तुकडाही चालतो. अंगणातल्या देशी बदामाची गळलेली, वाळलेली पाने पाण्यात टाकली की पाणी चहाच्या रंगाचे होते. राम आणि एपिस्टोग्रामा यांना ते मानवते. कीटकनाशक फवारलेल्या झाडाची पाने घेऊ नयेत.

आपल्याकडचा काळा पाषाण बहुतांशी पाण्यात फरक करत नाही. परंतु बसाल्टच्या पोकळ्यांत पांढरे कॅल्साइट साठलेले असते. दगडावर लिंबू पिळून बुडबुडे आले तर तो हलक्या पाण्याच्या टाकीत ठेवू नये. संगमरवराचा चुरा, शंख-शिंपले आणि पोवळ्याचे तुकडे शंखवासी माशांच्या टाकीत उपयोगी, रामच्या टाकीत घातक.

मासे आणण्यापूर्वी गाळणीत जीवाणू वसायला तीन ते सहा आठवडे द्यावे लागतात. हे जीवाणू विष्ठेतला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये बदलतात. अल्कधर्मी पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो, म्हणून बोअरच्या पाण्यावर घाई अंगाशी येते.

सोबती : दोन फुटी टाकीत ड्वार्फ सिक्लिडची एकच जात ठेवावी. एपिस्टोग्रामाच्या दोन जातींच्या माद्या एकमेकींसारख्या दिसतात आणि संकरही होतो. निळा राम आणि बोरेली यांना लागणारे तापमान वेगळे, तर शंखवासी आणि राम यांचे पाणीच जुळत नाही. वरच्या थरात मात्र आठ-दहा छोटे टेट्रा किंवा रासबोरा असावेत. ते निर्धास्त फिरताना दिसले की लाजरे सिक्लिडही बाहेर येतात. टायगर बार्ब पर कुरतडतात, गप्पीचे लांब शेपूट सिक्लिडला डिवचते, एंजल मोठा होऊन पिल्ले गिळतो. कोरीडोरस स्वभावाने गरीब, पण रात्री अंडी खातो आणि राखण करणाऱ्या मादीकडून डोळ्यांवर मार खातो. पैदास करायची असेल तर तो नको. चेरी कोळंबी मोठी झाली तर वाचते, तिची पिल्ले वाचत नाहीत.

ऋतू आणि वीज : हिवाळ्यात वाई-साताऱ्याकडे रात्री पारा १५ अंशांखाली जातो, तेव्हा रामच्या टाकीत १०० वॅटचा हीटर हवाच. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीत उलटा त्रास होतो. पाणी ३० अंशांवर गेले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. झाकण उघडून वर छोटा पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात. पंख्यामुळे पाणी आटते, आटताना क्षार मागे राहतात आणि तूट बोअरच्या पाण्याने भरली तर टाकी आठवड्यागणिक जड होत जाते. उन्हाळ्यात तूट आरओच्या पाण्याने भरावी आणि पाणी बदलणे चालूच ठेवावे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीकरांनी वीज आणि नळ दोन्ही बंद पडल्याचे दिवस काढले आहेत. स्पंज फिल्टर आणि सेलवर चालणारा एअर पंप ही जोडी अशा वेळी मासे वाचवते.

पैदास : राम सपाट दगडावर दीड-दोनशे अंडी घालतो आणि ती दोन-तीन दिवसांत फुटतात. बाजारातल्या जोड्या पहिल्या काही विणींतली अंडी स्वतःच खाऊन टाकतात. एपिस्टोग्रामात पिल्लांचे लिंग पाण्याच्या तापमानावरही ठरते, हे रोमर आणि बाइझेनहर्ट्स यांनी १९९६ मध्ये दाखवले. पाणी गरम असेल तर नर अधिक निघतात. क्रिबेन्सिसमध्ये सामूचा परिणाम दिसतो आणि आम्लधर्मी पाण्यात नर वाढतात. नवजात पिल्लांना ताजी उबवलेली आर्टेमिया हे सर्वांत भरवशाचे खाद्य.

वाढलेली पिल्ले ओढ्यात, तळ्यात किंवा कृष्णेत सोडू नयेत. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया, म्हणजे बाजारातला चिलापी, हाही सिक्लिडच आहे. तोंडात अंडी सांभाळणारा हा आफ्रिकी मासा भीमा-कृष्णेच्या खोऱ्यात असा पसरला की आता त्याला बाहेर काढणे शक्य नाही. नको असलेले मासे दुकानदाराला परत द्यावेत किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत, आणि तशी सोय नसेल तर जोडीऐवजी एकटा नरच पाळावा.