द्राक्षमद्य, इटालियन लाल (महाराष्ट्रातील)

काळ्या द्राक्षांचा रस सालींसह आंबवून केलेले मद्य. किण्वनाच्या काळात सालींतील रंगद्रव्ये व टॅनिन रसात उतरतात आणि त्यांमुळे मद्याला तांबडा रंग व तुरटपणा येतो. इटलीतील अशा मद्यांत तस्कनी प्रांतातील सांजोव्हेसे या वाणाची मद्ये विशेष प्रसिद्ध आहेत.

तस्कनीत द्राक्षमळे पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याकडे राहिल्याची अनेक उदाहरणे आढळतात. फ्लॉरेन्सच्या आंतिनोरी घराण्याचा या व्यवसायाशी असलेला संबंध १३८५ पासूनचा आहे. ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने १७१६ मध्ये क्यांती मद्याच्या प्रदेशाच्या सीमा ठरवून दिल्या. पुढे बेत्तीनो रिकाझोली या मळेमालक मुत्सद्द्याने १८७२ मध्ये क्यांतीत सांजोव्हेसे द्राक्षाला प्राधान्य द्यावे, असे प्रतिपादन केले.

महाराष्ट्रात द्राक्षलागवड जुनी असली, तरी ती मुख्यतः खाण्याच्या द्राक्षांची व बेदाण्यांची होती. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमामुळे मद्यनिर्मितीवर कडक नियंत्रण होते. १९८० नंतरच्या दशकात नारायणगाव (जि. पुणे) येथे फ्रेंच तंत्रसाहाय्याने फसफसणारे द्राक्षमद्य तयार होऊ लागले. तथापि उद्योगाला खरी चालना राज्य शासनाच्या २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणाने मिळाली. द्राक्षमद्य हे शेतमालावरील प्रक्रियेचे उत्पादन मानून त्यास उत्पादन शुल्कात सवलत देण्यात आली आणि विंचूर (जि. नासिक) व पलूस (जि. सांगली) येथे द्राक्षमद्य उद्याने स्थापन झाली.

२००७ च्या सुमारास अकलूज (जि. सोलापूर) परिसरात ‘फ्रातेल्ली’ हा उपक्रम सुरू झाला. फ्रातेल्ली म्हणजे इटालियन भाषेत ‘भाऊ’. इटलीतील सेक्की, दिल्लीचे सेखरी व अकलूजचे मोहिते-पाटील या तीन घराण्यांतील भावांच्या जोड्या आणि तस्कनीचे मद्यतज्ज्ञ प्येरो मासी असे त्याचे सात संस्थापक होत. सांजोव्हेसे व काबेर्ने सोव्हिन्यों यांच्या मिश्रणातून केलेल्या त्यांच्या लाल मद्याचे ‘सेत्ते’ (सात) हे नाव त्यावरूनच पडले.

इटलीत हिवाळ्यात वेल सुप्त राहते व द्राक्षे शरद ऋतूत काढली जातात. दख्खनच्या उष्ण हवेत वेलीला अशी पूर्ण विश्रांती मिळत नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व पावसाळा सरताना फळछाटणी करून कोरड्या हिवाळ्यात फळ पोसले जाते. तोडणी साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात होते.

या उद्योगाचा लाभ सर्वत्र सारखा झाला नाही. २००८–०९ मध्ये मागणी घटल्याने द्राक्षे पडून राहिली व अनेक शेतकऱ्यांनी मद्याच्या वाणांच्या बागा काढून टाकल्या. विदर्भातील यवतमाळसारख्या कापूसप्रधान जिल्ह्यांत तर हा उद्योग रुजलाच नाही. तेथील वनभागात मोहाच्या फुलांपासून मद्य करण्याची परंपरा जुनी आहे. परंतु ही फुले गोळा करणे, बाळगणे व त्यांची वाहतूक करणे यांवरील निर्बंध राज्य शासनाने २०२१ मध्ये उठविले. द्राक्षमद्याला शेतमालाच्या प्रक्रियेचा दर्जा मिळाल्यानंतर वीस वर्षांनी हे घडले. लगतच्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी असल्याने मद्य हा शेतीपूरक उद्योग मानावा की सामाजिक अनिष्ट, हा वाद या भागात अधिक तीव्र आहे.