जमेकेचा इग्वाना

वाटेंत मुंगूस दिसलें कीं आपल्याकडे तो शुभशकुन समजतात. सापाचा वैरी म्हणून या प्राण्याचें कौतुकही मोठें! परंतु याच मुंगसानें सातासमुद्रांपलीकडे एका निरुपद्रवी जीवाचा वंश जवळजवळ बुडविला, ती हकीकत फारशी कोणास ठाऊक नाहीं.

वेस्ट इंडीजमधील जमेका बेटावर घोरपडीएवढा एक मोठा सरडा राहतो. हा जमेकेचा इग्वाना. शेंपटीसह तो तीन-चार फूट भरतो. रंग हिरवट करडा आणि पाठीवर कांट्यांची रांग. रूप उग्र, पण आहार मुख्यतः पाला, फुलें आणि फळें यांचा. पृथ्वीच्या पाठीवर ही जात अन्यत्र कोठेंही नाहीं. ब्रिटिश म्यूझियममधील जॉन एडवर्ड ग्रे यानें १८४५ सालीं तिचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं हिंदी मजुरांचें पहिलें जहाज जमेकेस लागलें, हा एक योगायोग.

त्या बेटावर उंसाच्या मळ्यांत उंदरांनीं उच्छाद मांडला होता. म्हणून एस्प्यूट नांवाच्या मळेवाल्यानें १८७२ सालीं कलकत्त्याहून नऊ मुंगसें मागविलीं. चार नर, पांच माद्या. थोड्याच महिन्यांत उंदीर कमी झालेले दिसले आणि मुंगूस बेटभर पसरलें. एस्प्यूटला दोष देणें आज सोपें आहे. पण तो दुष्ट नव्हता, हिशेबी होता. त्याच्या हिशेबांत इग्वाना नव्हता, एवढेंच. उंदीर हिंडतो बहुधा रात्रीं आणि मुंगूस दिवसां. तेव्हां जमिनीवर घरटीं करणारे पक्षी, साप, सरडे हेही त्याच्या तोंडीं पडूं लागले. इग्वानाची मादी मातींत बीळ खणून अंडीं पुरते. मोठा इग्वाना मुंगसाला आटोपत नाहीं; नुकतें बाहेर पडलेलें वीतभर पिल्लूं मात्र एका झडपेंत जातें. म्हातारे जगत राहिले, पण त्यांच्या मागें कोणी उरेना. कुत्रीं, मांजरें, रानडुकरें आणि लोणाऱ्यांची कुऱ्हाड यांचाही या नाशाला हातभार लागला.

दक्षिण किनाऱ्यालगतच्या गोट बेटांवर कांहीं इग्वाना तग धरून होते. १९४० नंतरच्या दशकांत तेही दिसेनासे झाले आणि ही जात नष्ट झाली असें शास्त्रज्ञांनीं धरलें.

पुढें १९९० सालीं किंग्स्टनच्या नैर्ऋत्येस असलेल्या हेल्शायरच्या टेकड्यांत रानडुकरांच्या एका शिकाऱ्याच्या कुत्र्यानें एक प्राणी पकडला. शिकाऱ्यानें तो जिवंत नेऊन किंग्स्टनच्या होप प्राणिसंग्रहालयांत दिला. तो इग्वाना होता! शोध घेतां त्या रानांत शंभराहून कमी इग्वाना उरल्याचें दिसलें. धारदार चुनखडीचा तो कोरडा, पाय ठेवण्यास कठीण मुलूख; शेतीस निरुपयोगी म्हणूनच माणसानें तो सोडला होता.

तेव्हांपासून पिल्लें उचलून प्राणिसंग्रहालयांत कांहीं वर्षें वाढवितात व मुंगसाला पुरून उरतील एवढीं झालीं म्हणजे रानांत सोडतात. अंडीं घालण्याच्या जागांभोंवतीं मुंगसांसाठीं सांपळे असतात. असे शेंकडों इग्वाना रानांत परतले आहेत. मध्यंतरीं २०१३ सालीं गोट बेटांवर मोठें बंदर बांधण्याची योजना पुढें आली होती. २०१६ सालीं सरकारनें ती सोडून दिली. आतां त्या बेटांवरील मुंगसें व मांजरें काढून टाकून तेथें इग्वाना पुन्हां वसवावा, असा बेत आहे.