निर्दोष पत्रांचा अव्हेर : स्पॅम-चाळणीच्या इतिहासातील एक प्रश्न

ई-मेलच्या इतिहासात नकोशा पत्रांची चर्चा विपुल झाली आहे. त्यांच्याबरोबर अडविल्या गेलेल्या निर्दोष पत्रांची चर्चा मात्र त्या मानाने अल्प आहे. वस्तुतः दुसरा दोष अधिक गंभीर होय. जाहिरातीचे पत्र चाळणीतून निसटले, तर वाचकाचे काही क्षण वाया जातात. नियुक्तीचे पत्र अडले, तर ते धाडलेच नव्हते असे उमेदवार समजतो आणि धाडणारा उत्तराची वाट पाहत राहतो. या दोषाची कारणे काळानुसार पालटत गेली आहेत.

३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थ्युअर्क यांनी अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना संगणकांची जाहिरात पाठविली. त्या वेळी ताकीद देणे पुरेसे ठरले. १९९० नंतरच्या दशकात अशा पत्रांचा लोंढा वाढला आणि यांत्रिक चाळणी अपरिहार्य झाली. ठरावीक शब्द दिसताच पत्र अडविणे, ही तिची सर्वांत सोपी रीत. शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो, याची दखल तीत नव्हती. औषधाचे नाव जाहिरातीत येते, तसे ते डॉक्टरांच्या पत्रातही येते.

१९९८ साली मेहरान सहामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामी बेझच्या संभाव्यता-सिद्धान्ताचा अवलंब केला. पत्र टाकाऊ असल्याची संभाव्यता ९९.९ टक्क्यांहून अधिक असेल, तरच ते टाकाऊ मानावे, असा दंडक त्यांनी घातला. २००२ साली पॉल ग्रॅहम यांनी निर्दोष पत्रांतील शब्दांची वारंवारता दुपटीने धरली. संशयाचा फायदा पत्राला मिळावा, हाच दोहोंचा हेतू होता.

तथापि नियमही कालबाह्य होतात. पत्रावरील तारीख फार पुढची असल्यास संशयाचे गुण देणारा एक नियम स्पॅमअ‍ॅसॅसिन या चाळणीत होता. २०१० पासूनची सर्व वर्षे त्याच्या लेखी दूरच्या भविष्यातील होती. परिणामी १ जानेवारी २०१० पासून निर्दोष पत्रांवरही, मांडणीनुसार, सुमारे दोन ते साडेतीन गुण चढू लागले. पत्र स्पॅम ठरण्याची प्रचलित मर्यादा पाच गुणांची होती.

दरम्यान परीक्षेचा रोख मजकुराकडून प्रेषकाच्या ओळखीकडे वळला. एसपीएफ (२००६), डीकेआयएम (२००७) व डीमार्क (२०१५) यांचे दस्तऐवज क्रमाने प्रसिद्ध झाले. एसपीएफमध्ये डोमेनचा धनी आपल्या वतीने पत्रे धाडण्यास कोणते सर्व्हर अधिकृत आहेत ते जाहीर करतो. डीकेआयएममध्ये पत्रावर अंकीय स्वाक्षरी असते. आणि या कसोट्यांत नापास झालेल्या पत्राचे काय करावे, हे डीमार्क सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे धाडणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. यातून चुकीचे नवे प्रकार उद्भवले. एखादी संस्था पत्रे धाडण्याचे काम बाहेरच्या सेवेकडे सोपविते, पण तिची नोंद एसपीएफमध्ये करीत नाही. किंवा पत्र मधल्या सर्व्हरवरून पुढे धाडले जाते आणि तो सर्व्हर अनधिकृत ठरतो. दोन्ही प्रसंगी मजकूर निर्दोष असूनही पत्र संशयास्पद ठरू शकते.

म्हणून पत्र अडल्यास प्रथम मजकुरातील शब्द बदलीत बसणे युक्त नव्हे. आधी पोहोचलेल्या पत्राच्या शिरोभागातील ओळख-पडताळणीचे निकाल पाहावेत, मग सर्व्हरचा पत्ता एखाद्या काळ्या यादीत आहे काय ते तपासावे, आणि शेवटी मजकुराकडे वळावे. वाचकानेही स्पॅमची पेटी अधूनमधून उघडून निर्दोष पत्रावर ‘स्पॅम नाही’ अशी खूण करावी. पत्र कोणाचे आहे व ते हवे होते की नाही, हे त्याच्याइतके निश्चितपणे चाळणीला ठाऊक नसते.