नेरूळच्या मैदानाची कुळकथा

६ ऑक्टोबर २०१७. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर न्यूझीलंड आणि तुर्कस्तानची सतरा वर्षांखालची पोरं खेळत होती. अठराव्या मिनिटाला अहमद कुतुजूने चेंडू जाळ्यात धाडला. फिफाची विश्वचषक स्पर्धा भारतात प्रथमच भरली होती. त्याच वेळी दिल्लीतही सामना चालू होता, पण स्पर्धेतला पहिला गोल झाला तो ठाणे जिल्ह्यात.

होय, ठाणे जिल्ह्यातच. २०१४ साली पालघर वेगळा निघाला. शहापूर, मुरबाड आणि नेरूळ मात्र एकाच जिल्ह्यात राहिले. शहापूरकराला हे स्टेडियम मुंबईचं वाटतं, समालोचकही बिनदिक्कत ‘मुंबई’ म्हणतात. सातबारा मात्र ठाणे तालुक्याचा.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. आगरी-कोळ्यांची भातखाचरं, मिठागरं, खाडीकाठ असा तो सगळा पट्टा. त्यावर आखलेल्या शहरात डॉ. डी. वाय. पाटील यांनी महाविद्यालयं काढली आणि पुढे त्यांच्याच आवारात स्टेडियम उभं राहिलं. पाटील मूळचे कोल्हापूरचे. ज्या गावात तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि पेठापेठांतून त्यांच्यावरून वाद झडतात, त्या गावच्या माणसाने मैदान बांधलं ते मात्र क्रिकेटसाठी!

आराखडा हफीज कॉन्ट्रॅक्टर यांचा. छप्पर मागच्या बाजूनेच तोललेलं, त्यामुळे मधे खांब नाही आणि कुठूनही मैदान सलग दिसतं. क्षमता सुमारे ५५ हजारांची. ४ मार्च २००८ रोजी उद्घाटन झालं आणि १ जूनला पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना इथे रंगला. शेवटच्या चेंडूवर शेन वॉर्नचा राजस्थान संघ जिंकला. एवढ्या झोकात सुरुवात झाली, पण नोव्हेंबर २००९ मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना ठरला तो एकही चेंडू न पडता पावसात वाहून गेला.

फुटबॉल आला २०१४ साली. इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटीने हे घरचं मैदान केलं आणि १८ ऑक्टोबरला पुणे सिटीला ५-० ने लोळवलं. ब्राझीलच्या आंद्रे मोरित्झने लीगमधली पहिली हॅट्‌ट्रिक याच सामन्यात केली. भारतीय खेळाडूची पहिली हॅट्‌ट्रिकही इथलीच, पुढच्या वर्षी सुनील छेत्रीची.

क्रिकेटच्या मैदानात फुटबॉल बसवणं सोपं नसतं. वर्तुळाकार मैदानात १०५ बाय ६८ मीटरचा आयत आखला की बाजूला मोकळी जागा उरते आणि प्रेक्षक खेळापासून लांब पडतो. शिवाय ऐन मध्यभागी क्रिकेटची टणक खेळपट्टी! तिथे सलग हिरवळ नसेल तर धावणाऱ्याच्या पायाची खैर नाही. फिफाच्या तपासनिसांना असलं काही चालत नाही. त्यांना कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकसारखं गवत लागतं.

२०१७ च्या त्या स्पर्धेआधी, १५ सप्टेंबरला, राज्य सरकारने ‘मिशन वन मिलियन’ राबवलं. शाळाशाळांत फुटबॉल वाटले आणि एकाच दिवशी दहा लाख मुलांना मैदानात उतरवायचा घाट घातला. कल्पना झकास होती, पण एका दिवसाच्या उत्सवाने खेळ रुजत नाही. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, पण भारताचे सामने दिल्लीत झाले. नेरूळला उपांत्य सामना मिळाला: स्पेन ३, माली १. मालीच्या दुकुरेचा जोरकस फटका आडव्या दांड्याला लागून गोलरेषेच्या आत पडला होता, तरी पंचांनी गोल दिला नाही. त्या दिवशी स्पेनकडून तिसरा गोल करणारा फेरान तोरेस पुढे बार्सिलोनाकडून खेळला.

खरी कहाणी मात्र २०२२ ची आहे. जानेवारीत महिलांचा आशियाई चषक भारतात आला. यजमान भारताने २० तारखेला इथे इराणशी ०-० अशी बरोबरी साधली. पुढचा सामना २३ ला, चायनीज तैपेईशी. तोवर कोरोनाने संघ असा पोखरला की नियमानुसार लागणाऱ्या १३ खेळाडूही उभ्या करता येईनात. भारत स्पर्धेबाहेर गेला आणि इराणविरुद्धचा निकालही रद्द ठरला. वर्षानुवर्षं तयारी केलेल्या मुलींच्या हाती नोंदीपुरती बरोबरीसुद्धा उरली नाही. ६ फेब्रुवारीला याच मैदानावर अंतिम सामन्यात चीन मध्यंतराला ०-२ ने मागे होता. त्याने भरपाई वेळेत दक्षिण कोरियाला ३-२ ने नमवलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं आणि सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक हातचा जातो की काय अशी वेळ आली. निलंबन महिनाअखेरीस उठलं. ३० ऑक्टोबरला त्याच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्पेनने इथे कोलंबियाला १-० ने हरवलं, तेही स्वयंगोलावर.

महिला क्रिकेटपटूंनाही हे मैदान लाभलं. महिला प्रीमियर लीगचा पहिलावहिला सामना ४ मार्च २०२३ ला इथेच झाला, स्टेडियमच्या पंधराव्या वाढदिवशी. आणि २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी नमवून भारतीय महिलांनी पहिला विश्वचषक इथेच उचलला.

इथे सामना बघायला यायचं तर शहापूरकरांनी आसनगावहून ठाणे गाठावं आणि तिथून ट्रान्स-हार्बरने नेरूळ किंवा जुईनगर. मुरबाडकरांना आधी एसटीने कल्याण. सामना रात्रीचा असेल, तर तिकिटाआधी परतीची कसारा लोकल बघून ठेवा.