हमीपत्राचा निवाडा

बंगळूरहून तुमकूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत पीण्या औद्योगिक क्षेत्र वसले आहे. १९७० च्या दशकात उभ्या राहिलेल्या या वसाहतीत हजारो लहानमोठे कारखाने असून, यंत्रांना व वाहनांना लागणारे सुटे भाग त्यांपैकी अनेकांत तयार होतात. असा एखादा भाग मोठ्या कारखान्याच्या दारी गेला, म्हणजे तो मापकाने तपासला जातो. ठरलेल्या मापात बसला नाही, तर माघारी येतो. मालातील दोष ठरविण्याचा अधिकार तेथे घेणाऱ्याच्या हाती असतो. परंतु अशाच सुट्या भागांची मिळून झालेली नवी गाडी सामान्य ग्राहकाच्या दारी आली, की चित्र पालटते. गाडी महिन्याभरात बिघडली, तर दोष घडणीचा की वापराचा, हे विक्रेत्याचीच कार्यशाळा ठरविते. हमीपत्र लिहिणारा, त्याचा अर्थ लावणारा आणि दुरुस्ती नाकारणारा असे तिन्ही अधिकार एकाच पक्षाकडे एकवटतात. ते त्याच्याकडून एकेक करून कसे काढून घेतले गेले, हाच हमीपत्राचा इतिहास होय.

'घेणाऱ्याने सावध असावे' हे इंग्रजी कायद्याचे जुने सूत्र. भारतात १९३० साली मालविक्रीचा कायदा झाला, तेव्हा त्याच्या सोळाव्या कलमाने या सूत्राला मुरड घातली. ग्राहकाने आपला हेतू सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला असेल, तर तो माल त्या कामास योग्य असलाच पाहिजे, असे तत्त्व मान्य झाले. मात्र बासष्टाव्या कलमान्वये करारात तसे लिहून हे संरक्षण दूर सारण्याचीही मुभा राहिली. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेता येत होते.

ही अडचण केवळ भारताची नव्हती. १९५५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एका गृहस्थाने पत्नीसाठी नवी प्लिमथ मोटार घेतली. दहाच दिवसांत, गाडी पाचशे मैलही धावली नसता, तिचे सुकाणू निकामी होऊन ती भिंतीवर आदळली. कराराच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापले होते की, हमी नव्वद दिवसांची वा चार हजार मैलांची, आणि तीही सदोष भाग बदलून देण्यापुरतीच. १९६० साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने या बारीक अक्षरांचा आधार अमान्य केला. सर्वच मोटार कारखानदार एकसारखे हमीपत्र पुढे करीत असताना ग्राहकाला निवडीचे स्वातंत्र्य उरतेच कोठे, असा न्यायालयाच्या विचाराचा रोख होता.

भारतात त्याच वर्षी सरकारला स्कूटरच्या विक्री-वाटपावर नियंत्रण ठेवणारा आदेश काढावा लागला. माल थोडा आणि मागणारे फार, अशी ती स्थिती होती. पुण्याजवळच्या आकुर्डीत तयार होणाऱ्या बजाज स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबत. इतक्या प्रतीक्षेनंतर हाती आलेल्या वाहनातील दोषाबद्दल तक्रार कोण करणार, आणि ती ऐकणार कोण? या टंचाईच्या काळातच, १९७४ साली, पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू झाली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्या दिवसाची आठवण म्हणून राष्ट्रीय ग्राहक दिन पाळला जातो.

या कायद्याने सामान्य माणसाला वकिलावाचून दाद मागण्याची सोय झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या तेराव्या कलमातील एक तरतूद मात्र तितकीच मोलाची होती. परीक्षेवाचून दोष ठरत नसेल, तर मंचाने वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवावी, असे ते कलम सांगत होते. विक्रेत्याच्या कार्यशाळेचा शब्द अंतिम राहिला नाही. दोन पक्षांमध्ये तिसरा जाणकार आला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात हमीची मर्यादाही दाखविली: हमीपत्र सदोष भाग बदलून देण्याचे असेल, तर एका भागातील दोषासाठी संपूर्ण मोटार बदलून मागता येत नाही. उलट २०१० साली कर्नाटकातील एका ग्राहकाच्या वादात त्याच न्यायालयाने स्वतंत्र तंत्रज्ञाच्या मताला महत्त्व दिले. त्या तंत्रज्ञाला गाडीत घडणीचा मूळचाच दोष आढळला, तर किंमत व्याजासह परत करावी, असे न्यायालयाने ठरविले.

पुढील पाऊल २०१४ चे. अन्यत्र दुरुस्ती केली एवढ्या कारणावरून हमी सरसकट रद्द करण्याची अट घालू नये; बाहेरील सदोष दुरुस्तीने जेवढी हानी झाली असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असे भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांविरुद्धच्या आदेशात म्हटले. त्या आदेशाविरुद्ध पुढे अपिले झाली. पण नकाराला कारण हवे आणि त्या कारणाचा बिघाडाशी संबंध हवा, हे तत्त्व तेथे स्पष्टपणे मांडले गेले. २०१९ च्या नव्या कायद्याने ग्राहकाला आपल्या निवासाच्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा अधिकार दिला. बंगळुरात घेतलेल्या गाडीची दाद सोलापुरात राहणारा मालक सोलापुरातच मागू शकतो. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत.

अर्थात कायदा पुराव्यावर चालतो. गाडी कार्यशाळेत देताना नोंदविलेली तक्रार, प्रत्येक खेपेची तारीख आणि धावलेले अंतर, व नकाराचे लेखी कारण एवढे कागद ज्याच्या संग्रही आहेत, त्याचे म्हणणे ऐकले जाण्याचा संभव मोठा. तोंडी नकार मात्र पुढे सिद्ध करणे कठीण जाते. पीण्यातील कारागिराचा माल परत येतो, तेव्हा त्यासोबत माप आणि कारण दोन्ही येतात. वाहनाच्या मालकालाही नकाराचे कारण तितक्याच नेमकेपणाने कळावे, ही अपेक्षा काही मोठी म्हणता येणार नाही.